पेशकार काकांचा रुपेरी पाम

पेशकार काकांच्या अंगणात शिरलं की आधी डबे दिसायचे. बिस्किटांचे, तुपाचे, रंगाचे, बुडाला भोकं पाडलेले पत्र्याचे डबे भिंतीला लागून मांडलेले असत आणि प्रत्येकात एक चिठ्ठी खोचलेली असे. चिठ्ठीवर बियाचं नाव, पेरल्याची तारीख आणि खाली कचेरीच्या भाषेतला शेरा. बी उगवलं नसेल तर ‘जेरे तजवीज’, म्हणजे विचाराधीन. कोंब दिसला की ‘मंजूर’. कुजलं तर ‘दाखल दफ्तर’, म्हणजे फाईल बंद. पेशकार म्हणून साहेबासमोर फायली मांडण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त होताना निजामाच्या वेळचे हे शब्द त्यांनी घरी आणले आणि पामच्या बियांना लावले. पामचं बी उगवायला कधी दोन महिने घेतं, कधी दोन वर्षं. काका म्हणायचे, “अर्जदार घाई करत नाही, हे लई बरं हाय.”

मी तलमडुगूजवळच्या खेड्यातली. आमच्या घरी भाजीपाला पिकतो, आणि कॉलेजात गेलेली आमच्यात मी पहिलीच. आदिलाबादला बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा काकांच्या घरामागची खोली मला भाड्याने मिळाली. तेव्हा आमचा जिल्हा आंध्र प्रदेशात होता. दहावीपर्यंत मी मराठीत शिकले होते, कॉलेज इंग्रजीत होतं आणि मैत्रिणी तेलुगूत बोलायच्या. वर्गात मी तोंडच उघडत नसे. झाडांची लॅटिन नावं तर घशातच अडकायची.

काकांना ती पाठ होती. झाडाजवळ उभे राहून ते ‘बिस्मार्किया’ असं म्हणायचे, जसं कोणी ‘गोविंदा’ म्हणावं. मी अडखळले की म्हणायचे, “काऊन भेतं व? तुयं नाव कोणी इचारलं तर भेतं का? तसंच हे त्याचं नाव हाय.” त्यांचं ऐकून मी एकदा वर्गात हात वर केला. उत्तर बरोबर होतं की नाही ते आठवत नाही. हात वर केल्याचं आठवतं.

गावाबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला काका एकच काम सांगत. कोणी तिरुपतीला निघो, कोणी लेकीकडे बंगळूरला. “ताडासारखं काही दिसलं तर खाली पाह्यजा. सारे वर पाह्यतात. बी खाली पडते.” लोक हसत, पण आणत. कोणी रुमालात, कोणी प्रसादाच्या पुडीत. अशी त्यांची एकोणतीस जातींची बाग झाली होती. तांबड्या देठाचा एक होता, बाटलीसारख्या खोडाचा एक, आणि केरळच्या डोंगरातला एक बारीक चणीचा, जो चार वर्षांत वीतभरच वाढला होता.

आमच्याकडे उन्हाळा भाजून काढतो आणि डिसेंबरात बादलीतलं पाणी हाताला चावतं. दमट हवेतल्या झाडांना हे कसं सोसावं? म्हणून काका भैंशा गावच्या जिनिंग कारखान्यातून टाकाऊ कापूस आणत, तो पामच्या शेंड्याभोवती भरत आणि वरून गोणपाट बांधत. काकू दारातून ओरडत, “माह्या गादीचा कापूस बसून दगड झाला, आन् झाडाले नवा! उद्या स्वेटर इणा म्हणाल.” काका गंभीरपणे म्हणत, “त्याले बाह्या कुठं घालशील व?”

साऱ्या बागेत त्यांचा जीव होता तो फाटकाजवळच्या रुपेरी पामवर, म्हणजे त्या बिस्मार्कियावर. पंख्याएवढी पानं, आणि रंग असा की चांदण्यात ठेवून विसरल्यासारखा. बी एकच मिळालं होतं. ते उगवायला सव्वा वर्ष लागलं. त्यानंतरची दहा वर्षं काका रोज सकाळी आधी त्याच्याजवळ जात आणि मग तोंड धूत. अशा जातीच्या पामचं मूळ तोडलं तर तो सहसा जगत नाही. त्यामुळे एकदा लावला तिथेच तो राहायचा.

मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा आमचा रस्ता रुंद करायचं ठरलं. दिवाळी झाल्यावर सर्व्हेअर आला. काका स्वतः जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, धरून त्याच्याबरोबर फिरले. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांची अतिक्रमणं कागदावर मांडली होती. साखळी फाटकाशी ताणली आणि काका थांबले. पुन्हा ताणायला लावली. कुंपण हद्दीच्या चार हात बाहेर होतं आणि रुपेरी पाम त्या चार हातांत उभा होता.

घर बांधलं तेव्हा काकांनी आपली जागा पावलांनी मोजली होती. दुसऱ्याच्या वावरात पावलांवर कधी भरवसा ठेवला नाही, पण स्वतःच्या जागेला साखळी लावायची त्यांना गरज वाटली नव्हती.

सर्व्हेअर तेलुगू माणूस, काकांना मानणारा. तो हळूच म्हणाला, “सार, छोड़ दो ना. लाइन थोड़ा उधर से ले लेंगे. कौन देखता?”

समोर हातपंपाची गल्ली होती, तिथल्या घरांचे ओटे रस्त्याला टेकलेले. काका तिकडे पाहत म्हणाले, “उधर लेंगे तो उनका ओटा जाएगा.” मग म्हणाले, “जैसा है वैसा लिखो.”

त्या दिवशी जेवताना काकू म्हणाल्या, “तुमाले झाडाची दया नाही.” इतकी वर्षं झाडांना नावं ठेवणाऱ्या काकू असं म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. काका म्हणाले, “हाय. पण ते रोज तिथं उभं दिसलं असतं, आन् मले मान खाली घालून जावं लागलं असतं.”

मुळांना सवय व्हावी म्हणून सहा महिने आधी चर खणायला हवा होता. हातात तीन आठवडे होते. आठ माणसं आणि एक ट्रॅक्टर लावून पाम मातीच्या गड्ड्यासकट उचलला आणि विहिरीजवळ आत लावला. ती थंडी कडक पडली. काकांनी त्याला कापूस भरला, रोज कोमट पाणी घातलं. रुपेरी पान मेलं तरी लवकर कळत नाही, रंग तसाच फिका राहतो. कळायचा मार्ग एकच. मधला न उलगडलेला कोंब ओढून पाहायचा. आत जीव असेल तर तो हलत नाही. काकांनी तो कधी ओढला नाही. मी विचारलं तर म्हणत, “थंडी जाऊ दे,” आणि थंडी गेल्यावर, “ऊन पडू दे.”

परीक्षा संपून मी खोली सोडणार त्या सकाळी काका स्टूल घेऊन आले. “तू शिकलेली. तू पाह्य,” म्हणाले आणि विहिरीकडे तोंड करून उभे राहिले.

मी स्टुलावर चढले. कोंब दोन बोटांत धरला. ओढावाच लागला नाही. तो हातात आला. बुडाशी काळा, ओला, आणि सडलेल्या कांद्यासारखा वास. दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं आणि माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. सांगू नको. कोंब परत खोचला असता तर उभा राहिला असता, माझी बस जाईपर्यंत तरी नक्कीच.

“काका,” मी म्हटलं, “निघून आला.”

“वास हाय?”

“हो.”

त्यांनी वळून कोंब हातात घेतला, नाकाशी धरला. काकू म्हणाल्या, “जाता जाता पोरीले असं काम सांगतात का कोणी?”

“मग कोणाले सांगू? तू खोटं बोलली असती,” काका म्हणाले. काकू डोळ्याला पदर लावून आत गेल्या. काका मला म्हणाले, “जाय, बस चुकन तुयी.” फाटकापाशी मी वळून पाहिलं तेव्हा ते करवत शोधत होते.

पुढच्या थंडीत काका गेले. मी तोवर एम.एस्सी.ला लागले होते आणि मला ते कळायला पंधरा दिवस लागले.

आता आमच्या प्रयोगशाळेत बिया उगवल्याचे आकडे लिहायचे असतात. माझे आकडे पुस्तकाशी बरेचदा जुळत नाहीत. शेजारची मैत्रीण म्हणते, थोडं इकडेतिकडे कर, कोण बघतंय. मला भीती वाटते, पण दिसलं तेच लिहिते. मॅडम रागावतात, पुन्हा मोजायला लावतात. मी पुन्हा मोजते.