गालातला न्यूक्लियस

स्लाइड कितीही पुसली तरी कोपऱ्यात डाग उरतोच. किश्श्यांचंही तसंच. साठ सालच्या आसपास मी पनवेलच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचो. एम.एस्सी. होतो, पण नोकरीत कायम नव्हतो. त्यामुळे हे सगळं खरंच असं घडलं, की भीतीपोटी मला तसं वाटलं, याची आजही खात्री नाही!

•

पहिलंच प्रॅक्टिकल कांद्याच्या पापुद्र्याचं. मी सांगितलं, "विटांच्या भिंतीसारखं दिसेल. प्रत्येक विटेत एक ठिपका, तो न्यूक्लियस. पेशीचा कारभार तोच बघतो." चाळीस जण ओळीने मायक्रोस्कोपवर वाकले. चाळीसही म्हणाले, "दिसला, सर!"

शेवटी मी वाकलो. स्लाइड टेबलावरच राहिली होती!

•

लॅबचे शिपाई तुकाराममामा, राहणार गव्हाण. दाराशी उभे राहून तास ऐकायचे. एकदा म्हणाले, "मंग आपले शालेचा न्यूक्लियस कोन?"

"हेडमास्तर."

"ते चार दिस नाय आले, तरी शाला चालली!"

मी गडबडून म्हणालो, "आपल्या रक्तातल्या लाल पेशीतही न्यूक्लियस नसतो. पण ती जगते फार तर चार महिने."

मागून आवाज आला, "म्हणजे मला चार महिने रजा घेता येईल तर!" हेडमास्तर!

•

एकदा सांगत होतो, अमीबाचे दोन तुकडे केले तर न्यूक्लियसवाला जगतो, दुसरा थोड्याच दिवसांत मरतो. एका मुलीने विचारलं, "सर, दुसऱ्याला ते कळतं का हो?"

"पुढच्या तासाला सांगतो," म्हटलं. तिची नात आता कॉलेजात आहे. तो तास अजून आलेला नाही.

•

मग इन्स्पेक्टर येणार असं कळलं. त्यांना न्यूक्लियस दिसला तरच मी कायम! पण चातुर्मास होता आणि हेडमास्तर कडक. "शाळेत कांदा येणार नाही. गालाच्या पेशी दाखवा. त्यांतही असतो ना?"

असतो. फक्त गालाच्या पेशींना विटांसारख्या भिंती नसतात, पसरट धिरड्यासारख्या दिसतात.

जेवणाच्या सुट्टीनंतर इन्स्पेक्टर आले. हेडमास्तरांनी स्वतःच तोंड उघडलं. "माझाच गाल घ्या. सात्त्विक आहे!" मी काडीने खरवडलं, निळा रंग टाकला, लेन्स जुळवून पाहिलं. सरळ रेषांत विटाच विटा!

इन्स्पेक्टर बराच वेळ वाकून होते. तुकाराममामांनीही डोळा लावला. "सर, ह्यो तं कांदा हाय!"

मी चाचरत म्हणालो, "स्लाइड बदलली, साहेब. चूक माझीच."

"चूक कसली?" इन्स्पेक्टर हसू दाबत म्हणाले. "न्यूक्लियस उत्तम दिसतोय." आणि तसंच त्यांनी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला कायम केल्याचा कागद हातात दिला. दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं,

"आमच्या घरी कुणी काही बोललेलं नाही ना?"