वीस मिनिटांची घंटा

वसंतराव गेल्याचा फोन आला तो गुरुवारी दुपारी. मी छापखान्यात होतो आणि संध्याकाळच्या सभेची कार्यक्रमपत्रिका तपासत होतो. शैलावहिनी एवढंच म्हणाल्या, "गेले हो..." आणि मग पुढे काय बोलावं ते सुचेना म्हणून त्यांनी विचारलं की आज क्लबची सभा आहे ना, ह्यांच्याकडे काही काम दिलेलं नव्हतं ना. नवरा जाऊन तास झाला नव्हता, आणि बाईंना काळजी कसली, तर ह्यांच्यामुळे सभेचा खोळंबा होईल याची. वसंतराव देवरे या माणसाशी तीस वर्षं संसार केला की असं होणारच. मी फोन ठेवला, आणि कितीतरी वेळ यंत्र नुसतंच चालू होतं, ते बंद करायचंही माझ्या लक्षात आलं नाही.

आमचा सेवा क्लब दर गुरुवारी शरणपूर रोडवरच्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये भरतो. डॉक्टर, वकील, बिल्डर, दोन-चार द्राक्षवाले आणि मी एक प्रेसवाला. सुरगाण्याला डोळ्यांची शिबिरं, पेठच्या पाड्यांवर पाण्याच्या टाक्या, अशी कामं आम्ही करतो. लोक आम्हाला जेवणाचा क्लब म्हणतात, तेही अगदीच खोटं नाही. क्लबात एक जुनी प्रथा आहे. प्रत्येक सभासदानं एका गुरुवारी उभं राहून आपली जीवनकथा सांगायची. आयुष्यात एकदाच, पुन्हा संधी नाही. त्या दिवशी घरच्या माणसांना जेवायला बोलवायचं. पूर्वी या कथेला वेळेचं बंधन नव्हतं, आणि एका वकीलसाहेबांनी तासाभरात जेमतेम मॅट्रिकपर्यंत मजल मारली, तेव्हा वसंतरावांनी ठराव मांडला की यापुढे वीस मिनिटं. पुढच्याच आठवड्यात ते भांडीबाजारातून एक पितळी घंटा घेऊन आले, टेबलाच्या टोकाला बसले, आणि तेव्हापासून ती खुर्ची त्यांची झाली.

घंटा वाजली की वाक्य अर्धं सोडून खाली बसायचं, हा नियम त्यांनी कुणासाठी वाकवला नाही. एकदा एका मोठ्या पुढाऱ्याला आम्ही पाहुणे म्हणून बोलावलं होतं. ते रंगात आले होते आणि अध्यक्ष डोळ्यांनी विनवत होते, पण वसंतरावांनी घंटा वाजवली ती वाजवलीच. मी चिडून म्हटलं की अहो, आपली टाकीची मंजुरी यांच्याच हातात आहे. त्यावर म्हणाले, "प्रेसवाले, आज यांना सोडलं तर पुढच्या गुरुवारी तुम्हाला कुठल्या तोंडाने थांबवू?" मंजुरी मिळायला दीड वर्ष लागलं. मला हा माणूस कधीकधी असह्य व्हायचा, हे आज ते नसताना लिहायला हरकत नाही. आवडायचाही तितकाच. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा पंपाचे सुटे भाग करायचा कारखाना होता, तिथून थकून आले तरी सभेच्या आधी खुर्च्या तेच नीट लावायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांची स्वतःची पाळी आली. ते कितीतरी वर्षं ती टाळत होते, शेवटी कार्यकारिणीनं परस्पर नाव घातलं. त्या संध्याकाळी देवळ्याकडच्या त्यांच्या गावाहून थोरले भाऊ आले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. एसटीनं आले होते, धुवट धोतर, नवी टोपी. वसंतरावांनी पुढच्या रांगेत बसायचा आग्रह केला, पण ते मागे दाराजवळच बसले. हॉटेलच्या पोऱ्यांनी पाणी दिलं तर उठून उभे राहिले.

वसंतराव उत्तम बोलले. शुद्ध, घोटीव मराठी. गावाकडची अहिराणी त्यांच्या बोलण्यात औषधालाही उरली नव्हती. लहानपणी वडील गेले, नाशिकच्या वसतिगृहात राहून शिकलो, डिप्लोमा केला, मग नोकरी, मग कारखाना, पहिली परदेशवारी, क्लबात आलो ते दिवस... अधूनमधून हशा येत होता. घंटेजवळ त्या दिवशी एक तरुण दंतवैद्य बसला होता. "आता ज्यांच्यामुळे मी इथं उभा आहे, त्या एका माणसाबद्दल..." असं वसंतराव म्हणाले आणि घंटा वाजली. दोन-तीन जण एकदमच म्हणाले, बोला हो, आज असू द्या. वसंतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, घंटेकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, "नियम म्हणजे नियम." आणि खाली बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. स्वतःच्याच घंटेला मान देणारा माणूस म्हणून पुढचा महिनाभर आम्ही ही गोष्ट कौतुकानं सांगत होतो. आता ते आठवलं की मला आमचीच चीड येते.

जेवताना वसंतराव भावाजवळ गेले तेव्हा मी शेजारीच होतो. आबा हात जोडून म्हणाले, "चांगलं बोलनात, साहेब." धाकट्या भावाला. ज्याला ते जन्मभर वसंता म्हणत आणि अरे-तुरे करत आले होते, त्याला. वसंतरावांना वाटलं थट्टा आहे, म्हणून ते हसले. पण पुढेही तेच राहिलं. आबा लग्नकार्याला यायचे, आजारपणात विचारपूस करायचे, भांडण असं काहीच नाही. फक्त नाशिकच्या घरी मुक्कामाला राहिले नाहीत, आणि 'साहेब' सुटलं नाही. वसंतराव गावी गेले की आबा बसायला खुर्ची टाकायचे आणि स्वतः ओट्यावर बसायचे. एकदा गावाहून परत येताना गाडीत वसंतराव म्हणाले की त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं जेवलो असतो.

एकदाचीच प्रथा बाजूला ठेवून क्लबनं त्यांना पुन्हा बोलायची गळ अनेकदा घातली. ते म्हणायचे, आबा समोर असतील तरच. आणि आबा म्हणायचे, एकदा आलो होतो की. असं सात-आठ वर्षं चाललं. या काळात वसंतरावांना एक खोड लागली. ज्याची जीवनकथा असेल त्याला ते सभेच्या आधी बाजूला घ्यायचे आणि विचारायचे, घरचं कोण कोण आलंय? त्यांची नावं सुरुवातीलाच घ्या, बाकीचं मागाहून. नव्या पोरांना ते विचित्र वाटायचं, पण करायचे बिचारे. पुढेपुढे तो रिवाजच पडला. हे कुठून आलं ते नव्यांना माहीत नव्हतं, आणि आम्ही जुने त्यावर बोलत नव्हतो.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. आवाज खोल गेला होता. वहिनी चहा आणायला खाली गेल्यावर त्यांनी मला ती राहिलेली गोष्ट सांगितली. वसतिगृहातली जागा आबांची होती. सातवीत आबांचा तालुक्यात नंबर आला होता, नाव त्यांचं निघालं होतं. पण वडील गेले, शेतावर कुणीतरी हवं होतं, आणि आबा धाकट्याचा हात धरून थेट गृहप्रमुखांपुढे उभे राहिले, की माझ्या जागी ह्याला घ्या, हा माझ्यापेक्षा हुशार आहे. वसंतराव म्हणाले, मी मुळीच हुशार नव्हतो हो. मग भाजीभाकरी घेऊन आबा महिन्यातून एकदा यायचे आणि फाटकाबाहेरूनच परत फिरायचे, आत कधी आले नाहीत... एवढं सांगून ते थांबले. मी म्हटलं, हे सगळं तुम्ही शेवटासाठी राखून ठेवलं होतं, वेळ चुकली, एवढंच झालं.

"नाही, प्रेसवाले. घंटा वाजली तेव्हा मला हायसं वाटलं."

मला ते कळलं. त्या हॉलमध्ये, त्या लोकांपुढे, दुसऱ्याच्या जागेवर वाढलेला माणूस म्हणून उभं राहणं त्यांना नको होतं. एका क्षणापुरतंच नको होतं, आणि नेमकी त्या क्षणी त्यांचीच घंटा मदतीला आली. चहा आला, तो आम्ही दोघांनी घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना बोलता येईना.

तेराव्यानंतर मी देवळ्याकडे गेलो. कुणी पाठवलं नव्हतं, पण ते शब्द स्वतःजवळ ठेवून मला झोप लागत नव्हती. आबांनी मला खुर्ची टाकली. वसंतरावांनी दवाखान्यात सांगितलेली वसतिगृहाची गोष्ट मी सांगितली, आणि बराच वेळ घुटमळून ते हायसं वाटल्याचंही सांगितलं. आबांना त्याचं नवल वाटलं नाही. समोरच्या कांद्याच्या चाळीकडे बघत म्हणाले, "घंटी वाजनी ना, तवय साहेबनं तोंड दखं मी." म्हणजे आपलं नाव घ्यायचं राहिलं याचं त्यांना काहीच नव्हतं. भावाच्या चेहऱ्यावरची ती सुटका त्यांनी दारापासून पाहिली होती, आणि इतकी वर्षं ती पोटात ठेवली होती. मी निघालो तेव्हा आपण इथे येऊन काय साधलं, हे मला कळत नव्हतं. परत येताना मला स्वतःचाच राग आला.

मागच्या गुरुवारी सभा सुरू व्हायच्या बेतात होती आणि आबा दारात उभे. महिन्याच्या विधीसाठी नाशिकला आले होते, वहिनींकडे उतरले होते. ते मागेच बसले, मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. एका तरुण आर्किटेक्टची जीवनकथा होती. वसंतरावांनंतर त्याला बाजूला घेऊन सांगायला कुणी नव्हतं. पण तो उभा राहिला आणि पहिल्यांदा म्हणाला की माझी आई आली आहे, तिथे निळ्या साडीत बसली आहे, मावशी आली आहे, तिनं मला सांभाळलं. मग आपल्या गोष्टीला लागला. आबांनी मला हळूच विचारलं, की हे सगळे असंच करतात का. मी सांगितलं, हो, वसंतरावांनी लावलेली सवय आहे. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही आला होता ना, त्याच्या पुढच्या गुरुवारपासून.

आबा उठले, भिंतीच्या कडेकडेनं पुढे गेले. मला वाटलं बाहेर निघाले, म्हणून मीही मागोमाग गेलो. ते टेबलाच्या टोकाला, रिकाम्या खुर्चीपाशी थांबले.

"वसंता आठेच बसे का?"

मी मान हलवली. वसंता... किती वर्षांनी. ते त्या खुर्चीवर बसले. घंटा समोरच होती, वहिनींनी चिंच लावून घासून पाठवलेली. वीस मिनिटं झाली, घड्याळ सगळ्यांना दिसत होतं. पोरगा आईबद्दल काहीतरी सांगत होता आणि त्याचा आवाज चिरकला होता. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी आबांकडे पाहिलं आणि घंटेकडे बोट केलं. आबांनी घंटा उचलली, तिची जीभ मुठीत धरली आणि ती मांडीवर ठेवून घेतली.

"बोलू द्या त्याले," ते म्हणाले.

त्या गुरुवारी आमचं जेवण पार गार झालं, आणि कुणी तक्रार केली नाही.