दगडाबाईचं छप्पर

बीडजवळच्या पालीच्या वरच्या अंगाला, धरण मागं टाकून डोंगराकडं निघालं की धनगरांची एक वस्ती लागते. तिथल्या दगडाबाईला सगळे चेअरमन म्हणायचे, कुणी आदरानं, कुणी चिडवायला. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती. दगडाला कोण उचलून नेतंय, म्हणून आईनं हिचं नावच दगडा ठेवलं. ती जगली, मेंढरांमागं वाढली, सटवाशी लगीन होऊन या वस्तीवर आली. पुढं मोठा दुष्काळ पडला. बाया चारा छावणीत जनावरांपाशी राहायला गेल्या. तिथंच, शेणामुतात बसून, तिनं त्यांना गोळा केलं आणि बायांची दूध संस्था काढली.

संस्था चालली, गाई वाढल्या, पण घर मात्र पत्र्याचंच राहिलं. वैशाखात दुपारी आत बसवत नसे. वर धोंडे ठेवलेले असायचे, तरी एका वळवाच्या वाऱ्यात एक पत्रा सुटला तो भिंगरीसारखा फिरत गेला आणि लिंबाच्या बुंध्यात रुतला. खाली बांधलेली गाय थोडक्यात वाचली. तेव्हापासून वारा सुटला की दगडाबाई घरात थांबत नसे. बाहेर जाऊन गाईच्या गळ्यात हात घालून उभी राहायची.

मग नव्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या आणि नेमका पुन्हा दुष्काळ आला. बोअर आटलं, वस्तीवर टँकर सुरू झाला. भिंती तशाच उघड्या.

एक दिवस मोहनराव आले. साखर कारखान्याचे संचालक, मोठे जमीनदार, पण मन मोकळं. भिंतींवरून हात फिरवत म्हणाले, "दगडाबाई, स्लॅबच टाका. चेअरमनच्या घराला पत्रा शोभत न्हाई."

"स्लॅबला पाणी लागतंय, मालक. टाकल्यावर बी कितीतरी दिवस आळी करून भिजवत ठेवावं लागतंय."

"पाण्याचं मी बघतो. एक टँकर तुमच्याकडं लावून देतो."

सटवाचे डोळे चमकले. दगडाबाईनं पदर सारखा केला. "तुमी म्हणालात ह्यातच आलं. पण टँकर आला की बाया घागरी घेऊन पळत येणार. त्यांच्यासमोर मी सिमेंटला पाणी पाजू? मह्यानं न्हाई व्हायचं."

मोहनरावांनी भिंतीवरचा हात काढला. "मग पुन्हा पत्राच?"

"बघू," ती म्हणाली.

त्याच हिवाळ्यात दूध संघानं गावोगावच्या चेअरमन बायांना सातारच्या बाजूची एक डेअरी बघायला नेलं. संस्थेची सचिव छबुबाईही सोबत होती. तिथल्या सभागृहावर करड्या कौलांचं उतरतं छप्पर होतं. जेवण झाल्यावर दगडाबाई हात धुवायला मागं गेली. तिथं छपराची कड इतकी खाली आली होती की हात पुरावा. तिनं सहज कौलाला हात लावला आणि तो तिथंच राहिला.

ते कौल नव्हतं. तळव्याला दगड लागत होता, बारीक, खरबरीत, डोंगरातल्या कातळासारखा. बोटाच्या पेरानं वाजवलं तर दगडाखाली लोखंड होतं.

"पोलादी पत्रा आहे, मावशी," तिथला माणूस म्हणाला. "वरून दगडाची बारीक खडी बसवलीय."

दगडाबाईला लहानपणीची एक दुपार आठवली. कपिलधारच्या डोंगरात वादळानं गाठलं होतं, आणि बाप तिला नि मेंढरांना घेऊन कड्याखाली शिरला होता. बाहेर आभाळ फुटत होतं आणि कातळाखाली मेंढरं निवांत रवंथ करत होती. तसलं छप्पर तिला पुन्हा कधी लाभलं नव्हतं. ते माणसाला करता येतं, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

तिनं खालची मूठभर बारीक खडी उचलली. "छबू, आत जाऊन उभी राहा. काय ऐकू येतंय ते सांग."

छबुबाई आत गेली. दगडाबाईनं खडी छपरावर भिरकावली.

"टाक की गं!" आतून आवाज आला.

"टाकली की!"

"व्हय? मला वाटलं चिमण्या उतरल्या."

बीडला परतल्यावर तिनं उत्तरेश्वरला शोधून काढलं. तो असली छपरं बसवायचा. त्यानं नमुन्याचा एक तुकडा दिला. सटवानं तो उलटासुलटा करून पाहिला. "लोखंडाला दगड चिकटवून कुणी घर झाकतं व्हय? चार दिसांत गळून जाईल." त्यानं विळ्यानं खरवडलं. थोडे खडे निघाले, बाकीच्यांनी विळ्याचीच धार घालवली. मग तुकडा गोठ्यावर उन्हात पडून राहिला. येता-जाता सटवा त्याला हात लावायचा.

उत्तरेश्वर सरळ माणूस होता. म्हणाला, "मावशी, पत्रा तो पत्राच, ऊन थोडंफार लागणारच. म्हणून खाली वारा खेळायला जागा ठेवतो, आतून फळ्या मारतो. पयल्यांदा पन्हाळीत थोडी खडी येईल, भिऊ नका. अन् ह्याला पाणी लागत न्हाई."

"तेवढंच पायजे होतं," दगडाबाई म्हणाली.

सांगाडा चढला. त्यावर एकात एक अडकवत, स्क्रूनं आवळत छप्पर खालून वर सरकत गेलं. घराला लागून गाईसाठी नवा गोठाही त्यातच झाकला. लोक बघायला यायचे. 'दगडाबाईनं घरावर दगड घातला' म्हणून पारावर हसणंही झालं. छप्पर पुरं झालं त्या संध्याकाळी ती लांब बांधावर जाऊन बसली आणि अंधारेपर्यंत घराकडं बघत राहिली.

चैत्रात, बाया संध्याकाळचं दूध घालायला तिच्या ओसरीवर जमल्या असताना, डोंगराकडचं आभाळ तांबूस झालं. वारा असा आला की उभं राहवेना. आणि पहिली गार अंगणात आपटली, आवळ्याएवढी.

"आत चला! कॅन घ्या, वासरं घ्या!"

सगळ्या आत शिरल्या. सवयीनं दगडाबाई उलट दाराबाहेर निघाली. सटवानं तिचा दंड धरला. "गाईला मी नव्या गोठ्यात बांधलंय. तू थांब." हा माणूस तिला असं कधी अडवत नसे.

ती थांबली. वर गारांचा मारा सुरू झाला. शेजारच्या जुन्या पत्र्यांवर नुसता कडकडाट उठला होता, कानठळ्या बसत होत्या. या छपराखाली मात्र जड, भरीव आवाज होता, उखळात धान्य कांडल्यासारखा. बायांचे डोळे वर लागले होते. कुणीतरी हळूच म्हणालं, "आपलं बोलणं ऐकू येतंय गं." बाहेर एवढं आभाळ कोसळत होतं, आणि वासरू दगडाबाईच्या पायाशी बसून पेंगत होतं.

गारा थांबल्या तेव्हा वस्तीवरच्या कुणाकुणाचे पत्रे उडाले होते. त्यांची अंथरुणं रातच्याला दगडाबाईकडंच आली, आणि तिनं पिठल्याचं मोठं पातेलं चढवलं. पण त्याआधी, उजेड होता तोवर, ती शिडी लावून वर गेली. एका ठिकाणी पोचा पडला होता. पन्हाळीत ओंजळभर खडी साठली होती. बाकी छप्पर जागच्या जागी होतं, आणि त्याच्या प्रत्येक पायरीच्या आडोशाला पांढऱ्या गारा अडकून राहिल्या होत्या. पलीकडं रान पांढरं, वस्ती पांढरी, डोंगराच्या अंगातून वाफ निघत होती. जन्मभर तापलेली ही जमीन तिनं अशी कधी पाहिली नव्हती.

"चेअरमन, काय दिसतंय गं?" खालून छबुबाईनं विचारलं.

दगडाबाई शिडीवरून खाली उतरली आणि बाजूला झाली.

"तूच चढून बग," ती म्हणाली.

मग एकामागून एक, पदर खोचून, सगळ्या बाया शिडीवर चढल्या.