उजेडासाठी कापलेलं झाड

आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना सगळी इमारत कोळसेसाहेब म्हणते. विमा कचेरीत लोकांचे दावे फेटाळण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाले आणि एकदम निसर्ग आठवला. कोळशाच्या कांड्या आणल्या, भिंतभर कागद चिकटवले आणि झाडं काढायला लागले. तेव्हापासून जिन्यातला दिव्याचा खटका काळा, दाराची घंटा काळी. चुकलेलं पुसायला पाव लागतो म्हणे, त्यामुळे त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, सकाळी चहाबरोबर कडाच तेवढ्या मिळतात.

वाचनालयाच्या नव्या दालनात एक मोठी भिंत रिकामी होती. तिथे आपलं चित्र लागलंच पाहिजे, असं साहेबांनी मनावर घेतलं. आयुष्यात कुणी त्यांना भिंत दिली नव्हती, खुर्चीसुद्धा डुगडुगती होती. म्हणून अंगणातलं जुनं झाड काढायला घेतलं, छतापर्यंत, तीन कागद एकावर एक जोडून. कोळशाची भुकटी खाली गळते, तेव्हा शहाणा माणूस वरून सुरुवात करतो. हे मुळापासून निघाले. का, तर झाड मुळापासून वाढतं. तत्त्वज्ञान!

खोड झालं आणि बिनसलं. खऱ्या झाडाची सावली खिडकीतून कागदावर हलायची, आणि साहेबांना स्थिर उजेड हवा. मग इमारतीच्या कमिटीपुढे त्यांनी जुनं कसब काढलं. पन्हाळीत पानं अडकतात, मुळं नळाला लागतात, वादळात कुणाच्या तरी डोक्यात फांदी पडेल. फेटाळायची सवय असलेल्या माणसाला कारणं काय, वाटेल तेवढी. कमिटीने माना डोलावल्या. लाकूडतोड्याला साहेबांनी ऐटीत सांगितलं, "माझ्या खिडकीवर सावली पडते तेवढं काढा." आणि लाकडाचा भुसा कागदावर बसू नये म्हणून खिडकी लावली, पडदा ओढला, कानात कापूस घातला आणि खोडाच्या साली रंगवत बसले.

लाकूडतोड्याने नेमकं सांगितलं तेवढंच केलं. सावली सगळ्या शेंड्याची पडत होती. फांद्यांसकट सगळा शेंडा गेला.

दुपारी पडदा उघडला तर खोलीत लख्ख ऊन. साहेब खूश. चक्क मला वर बोलावून उजेड दाखवला. मग शिडीवर चढले, वरच्या कागदाला कांडी लावली आणि बघायला म्हणून खिडकीबाहेर वळले. तिथे समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी होती.

मग दारोदार फिरून फोटो मागत सुटले. माझ्याकडच्या फोटोत माझं तोंड मोठं आणि मागे तीन पानं. बाकीच्यांकडे तीही नव्हती. इतकी वर्षं त्या झाडासमोर बसून यांना फांद्या कुठे फुटतात तेही आठवेना, आणि हे म्हणे निसर्गाचे भक्त! वाचनालयात चित्र पोचवायचा दिवस तोंडावर आला, तेव्हा घाम पुसून पुसून त्यांचं कपाळही काळं झालं.

शेवटी वहिनी बोलल्या. शेंडा गेल्यापासून त्या गॅलरीत उन्हात छत्री धरून कपडे वाळत घालत होत्या.

"अहो, वरचा कागद कोराच राहू दे. निदान तेवढं तरी खरं असेल."

साहेब रुसून आत गेले. पण चित्र तसंच पाठवलं. आणि वाचनालयवाल्यांनी ते भिंतीवर लावलं! कोऱ्या कागदासमोर उभं राहून लोक च्‌च्‌ करू लागले. माणसाच्या क्रूरपणाचं केवढं दर्शन, वगैरे. साहेबांनी मान लववून झाडं वाचवण्यावर भाषण ठोकलं. कल्पना कुणाची, झाड कुणी कापवलं, यातलं अवाक्षर नाही. वहिनी मागच्या रांगेत पर्सचा पट्टा ओढत बसल्या होत्या.

परवा साहेब माझ्या स्वयंपाकघरात उभे, खिडकीबाहेरच्या झाडाकडे डोळे बारीक करून. मला म्हणाले,

"वहिनी, पुढचं चित्र हेच. डावीकडची फांदी तेवढी मध्ये येते."

मी म्हटलं, "भाऊजी, जिन्यात आरसा आहे. त्यात बघून स्वतःचंच काढा. कापायला नाक आहेच."

माणूस खरंच विचारात पडला हो. म्हणाला, "जिन्यात उजेड कमी आहे."