व्रणाचं मूळ शोधणाऱ्या अक्का

"स्वल्प थांब," एवढं म्हणून अक्का चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि मायक्रोस्कोपवर वाकायच्या. अर्धा तास झाला तरी त्यांचं 'स्वल्प' संपत नसे. मान वर काढली की पहिलं काम चष्मा शोधायचं. तो कपाळावरच आहे असं कोणी सांगितलं, तर म्हणायच्या, "सरी, सरी. ठाऊक होतं मला."

तुम्हालाही नोकरीत असं एखादं माणूस भेटलं असेल, ज्याच्यासमोर खोटं बोलायला जीभ रेटत नाही. मला त्या भेटल्या.

मी नागपूरहून बंगळूरला संशोधनासाठी आले, तेव्हा त्या आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. पहिल्या दिवशी मी त्यांना 'मॅडम' म्हटलं. "मॅडम बाहेरच्यांनी म्हणावं. तू अक्का म्हण," त्या चक्क मराठीत म्हणाल्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थिरावलेलं. मराठीला कानडी वळण लागलेलं, 'बरं'ऐवजी तोंडात 'सरी'. माझं बोलणं ऐकून हसायच्या, "तुझ्यात निम्मं इंग्रजीच की! मग बिघडलेलं मराठी कोणाचं, तुझं का माझं?"

मूत्रपिंडाला इजा झाली की काही पेशी ती जागा सांधायला चिवट धाग्यांचं जाळं विणतात. दुखणं लांबलं तर त्या थांबतच नाहीत. कामाचा नाजूक भाग नाहीसा होत जातो आणि नुसता व्रण उरतो. या विणणाऱ्या पेशी येतात कुठून, यातच अक्कांचं आयुष्य गेलं होतं. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांच्या अस्तरातल्या पेशीच रूप पालटून व्रण विणू लागतात, असं त्यांचं म्हणणं. पंधरा वर्षं त्यांनी तेच मांडलं, तेच शिकवलं.

घरातही तेच दुखणं होतं. आनेकलला राहणारा त्यांचा धाकटा भाऊ आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचा. दर रविवारी अक्का बस धरून त्याच्याकडे जात आणि आपलं काम कुठवर आलं ते त्याला सांगत.

मग बाहेरच्या प्रयोगशाळांतून वेगळे निष्कर्ष येऊ लागले. अक्कांनी ते वाचले आणि मला बोलावलं. "वाद घालत बसण्यात अर्थ नाही. आपणच करून बघू. तू कर."

आम्ही असे उंदीर घेतले, ज्यांच्या फक्त नळ्यांच्या पेशींवर लाल खूण होती. पेशीनं पुढे कोणतंही रूप घेतलं तरी ती खूण पुसली जात नाही. अक्कांचं खरं असेल, तर व्रणातल्या पेशी लाल दिसायला हव्या होत्या.

त्या लाल नव्हत्या. लाल पेशी जिथल्या तिथे, नळ्यांतच होत्या. बाहेर व्रण दाट पसरलेला, पण त्यात शोधूनही लाल सापडेना. मला वाटलं, माझंच काही चुकलं. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. तेच. दहा दिवस मी त्या स्लाईड खणात ठेवल्या आणि 'काम चालू आहे' म्हणत राहिले. अखेर एका सकाळी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

त्यांनी एकेक स्लाईड पाहिली. सगळ्या पाहून झाल्यावर पुन्हा पहिलीपासून.

"कधीपासून आहेत तुझ्याकडे?"

"दहा दिवस झाले, अक्का."

"एवढी भीती वाटते होय माझी?"

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या आठवड्यात संस्थेची सभा होती. अक्कांनी पडद्यावर आपलं जुनं चित्र लावलं. नळीतून निघून व्रणाकडे जाणाऱ्या पेशींचं हे चित्र आम्ही सगळे शिकताना वहीत काढायचो. त्या म्हणाल्या, "हे मी काढलं होतं. हे चूक आहे. का, ते ही मुलगी सांगेल." आणि पहिल्या रांगेत वही उघडून बसल्या. मी एकेक स्लाईड दाखवत गेले. त्या लिहून घेत होत्या.

त्या रविवारी त्यांनी मलाही आनेकलला नेलं. भाऊ ओसरीवर अवरेकाईच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगा सोलत बसला होता. हात सुजलेला, चेहरा काळवंडलेला. अक्का चप्पल न काढताच म्हणाल्या, "तुला इतकी वर्षं सांगत होते ना, ते चुकलं माझं. त्या पेशी नळ्यांतून येत नाहीत."

तो शेंगा सोलतच राहिला. मग म्हणाला, "अक्का, मला त्यातलं औषध मिळणार नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

"मग ऐकत का होतास?"

"तू सांगायला येत होतीस म्हणून."

अक्का खाली बसल्या. सुपातल्या शेंगा पुढ्यात ओढल्या आणि सोलू लागल्या. संध्याकाळची बस येईपर्यंत दोघं शेंगाच सोलत होती.

आम्ही पुन्हा कामाला लागलो. या वेळी खूण केली ती बारीक रक्तवाहिन्यांना बिलगून राहणाऱ्या पेशींवर. त्याला वर्ष लागलं. त्या वर्षात भाऊ गेला. पाच-सहा दिवस अक्का आल्या नाहीत. मग आल्या आणि थेट मायक्रोस्कोपवर वाकल्या.

निकाल आला तेव्हा मी क्षणभरही थांबले नाही, धावत त्यांना बोलावून आणलं. व्रणात जिकडे पाहावं तिकडे लाल. त्या कितीतरी वेळ पाहत होत्या. डोळे न उचलताच पुटपुटल्या, "इथे होता होय तुम्ही."

आता अक्का नाहीत. निवृत्तीनंतर दोन वर्षांतच गेल्या. आमचं काम चालू आहे. त्या पेशींना थांबवायचं कसं, ते अजून नीट कळलेलं नाही.

मला आठवते ती निकालानंतरच्या रविवारची सकाळ. मी एका कामासाठी बसस्टँडवर गेले होते. आनेकलच्या बसला कारखान्यांतल्या कामगारांची गर्दी होती आणि तिच्यात अक्का उभ्या होत्या. त्या लाल व्रणाच्या फोटोची प्रत त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरली होती, चुरगळू नये म्हणून. कोणाला दाखवणार, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी हाक मारली नाही. बस आली, आणि फोटो सांभाळत त्या चढल्या.