विसरण्याची तोंडी परीक्षा

इंग्लिश स्पीकिंगचा क्लास काढून कोणी श्रीमंत होत नाही, पण किस्से इतके साठतात की सांगायला बसलं तर चहा गार होतो आणि लोक उठत नाहीत. माझ्याकडचे निम्मे किस्से तर एकाच विषयाने दिलेत. 'मेमरी अँड फरगेटफुलनेस'!

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जुन्या पनवेलमध्ये एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत माझा क्लास चाले. दर शनिवारी तोंडी परीक्षा. परीक्षक दाते सर, नवीन पनवेलला राहणारे रिटायर्ड हेडमास्तर. विषय मात्र मी निवडला होता. म्हटलं, क्लार्क असो, गृहिणी असो, विसरायला सगळ्यांनाच येतं. काहीतरी सुचेलच.

पहिली उठली रंजना. उरणकडच्या कोळीवाड्यातली, बारावी पास. बंदराजवळ शिपिंग कंपन्यांची नवी ऑफिसं उघडत होती आणि तिला तिथे टेलिफोनवर बसायचं होतं. दोन इंटरव्ह्यू इंग्लिशपायी हातचे गेले होते. आईने सांगून ठेवलं होतं, "आता एकदाच जा. नाय जमलं तर टोपली घे नि माज्यासंगं बाजारात चल." मासळी विकण्यात तिला कमीपणा वाटत नव्हता. पण फोन उचलून "हॅलो" म्हणायचं, हे तिने शाळेपासून मनात धरलं होतं.

रंजनाने विषय ऐकला, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाली, "सर, याचा उतारा दिलाच नाय तुमी!"

*

मग दिला उतारा. करतो काय! फळ्यावर दहा ओळी लिहिल्या. मी एस.टी.त छत्री विसरलो, धावत मागे गेलो, कंडक्टरने ती खिडकीतून काढून दिली. "हा नुसता नमुना आहे हं," असं बजावलंही.

पुढच्या शनिवारी पहिला मुलगा छत्री विसरला. दुसराही विसरला. ओवे गावाहून येणारे दोघे भाऊ एकाच एस.टी.त विसरले. रंजना तर स्वल्पविरामासकट विसरली!

दाते सरांनी शेवटी पेन खाली ठेवलं. "आपण असं करू," ते म्हणाले, "परीक्षा डेपोतच घेऊ. एवढ्या छत्र्यांत माझीही सापडेल."

सगळे हसले, रंजना हसली नाही. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, इंटरव्ह्यूला साहेब काहीही विचारेल. पाठ केलेलं नको, मनातलं बोल."

"मनातलं मराठीत हाय ना, सर," ती म्हणाली.

मी फळ्यावरची छत्री पुसून टाकली.

*

प्रधान नावाचे एक हेडक्लार्क होते. प्रमोशनसाठी इंग्लिश सुधारायला यायचे. छत्रीला हात न लावता ते स्मरणशक्तीवर तडाखेबंद बोलले. रोज भिजवलेले बदाम खाल्ले की माणूस काहीही विसरत नाही, हा त्यांचा सिद्धांत.

"व्हेरी गुड," दाते सर म्हणाले. "हाऊ मेनी आल्मंड्स डू यू ईट?"

प्रधानांनी डोळे मिटले. कपाळावर आठ्या आणल्या.

"सर," ते म्हणाले, "दॅट माय मिसेस रिमेंबर्स."

*

कुलकर्णी वहिनींना मुलाच्या शाळेत इंग्लिशमधून मुलाखत द्यायची होती. त्या घाबरत घाबरत उभ्या राहिल्या. "आय ऑल्वेज फरगेट मिल्क. आय पुट मिल्क ऑन गॅस, अँड..."

एवढं बोलून त्या थांबल्या. डोळे मोठे झाले, हात छातीवर गेला, तोंडाचा रंग उडाला. "अगं बाई!" म्हणत त्या जिन्यावरून जवळजवळ उड्या मारतच गेल्या. पर्स बाकावर!

दाते सर हेलावून गेले होते. "काय एक्स्प्रेशन आहे!" म्हणत त्यांनी दहापैकी नऊ मार्क दिले.

सोमवारी वहिनी पर्स न्यायला आल्या. पातेलं गेलं होतं, पण नऊ मार्क ऐकून त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. म्हणाल्या, "एक का कापला?"

*

इक्बालभाई टेलर बहारीनला निघाले होते. त्यांना मी विचारलं, विसरणं चांगलं की वाईट?

"बहोत अच्छा, सर!" इक्बालभाई उभे राहिले. "कस्टमर फरगेट डेट, टेलर हॅपी. कस्टमर रिमेंबर डेट, टेलर फिनिश!"

त्या दिवशी रंजना पहिल्यांदा वर्गात खळखळून हसली. मला बरं वाटलं. इक्बालभाईंकडे उतारा नव्हता, व्याकरण तर मुळीच नव्हतं, पण माणूस बोलून मोकळा झाला होता.

*

रंजनाच्या इंटरव्ह्यूला मी सोबत गेलो. तिनेच गळ घातली होती. साहेबांची केबिन काचेची. आतलं सगळं दिसायचं, ऐकू काही यायचं नाही. आधी बाहेर आलेल्या मुलाने सांगितलं, "एकच विचारतात हो. टेलिफोनवर बसायचंय ना, तर तुमची मेमरी कशी आहे?"

रंजनाचा चेहरा उजळला. छत्रीचा उतारा तिच्या जिभेवर होता!

ती आत गेली. हात पाठीमागे. ओठ दोनदा हलले आणि बंद पडले. ते बंद पडणं मी ओळखत होतो. गाडी अडली होती. मी खाली चपलांकडे बघत बसलो. झालं, आता टोपली.

बऱ्याच वेळाने मान वर केली तर तिचे हात पुढे आले होते. एक हात होडीसारखा डुलत होता, दुसरा कुणाला तरी बोलावत होता. साहेब खुर्चीत पुढे सरकले होते. फोन वाजला, तो त्यांनी उचलून बाजूला ठेवला. मग ते हसले. मग तीही हसली. बाहेरचा शिपाई मला म्हणाला, "साहेबांच्या ओळखीतली आहे का?"

शेवटी साहेब स्वतः दारापर्यंत आले. "सोमवारपासून या," म्हणाले. मला रडूच यायचं बाकी होतं.

जिन्यात मी तिला गाठलं. "छत्रीच सांगितलीस ना?"

"छत्री दुसऱ्या ओळीलाच गेली, सर."

"मग एवढा वेळ इंग्लिशमध्ये बोललीस तरी काय?"

रंजना एका पायरीवर थांबली. छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा छताकडे पाहिलं.

"आईशपथ सर," ती म्हणाली, "मना काय पण आठवत नाय!"