दार उघडं असलं की वाजतं

गाडीच्या डाव्या दाराचं प्लास्टिकचं पॅनल मी बुक्क्या मारून मारून बसवलं, शेवटचा स्क्रू पिळला, घाम पुसला आणि टॉर्च बंद करायला मोबाईल शोधू लागलो. मोबाईल कुठंच नव्हता. सीटखाली नाही, टपावर नाही, खिशात नाही.

माझे सासरे अंगणातल्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांना मामाजी म्हणतो. ते म्हणाले, "जावईबापू, दार वाजून राहिलं."

"नाही मामाजी," मी मोठ्यानं सांगितलं, "गाडी बंद आहे. दार कसं वाजेल?"

"मले वाटलं बा," ते म्हणाले.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून बायको. "अजी, फोन काहून उचलत नाही तुम्ही? केव्हाची लावून राहिली मी! चहाचं पाणी झालं तिकडं."

आणि मग डोक्यात उजेड पडला. आतलं नीट दिसावं म्हणून मोबाईल मी दाराच्या पोकळीत टेकवून ठेवला होता, आणि तो तसाच आत ठेवून वरून पॅनल ठोकलं होतं. दाराला कान लावला, तर त्याच्या पोटातून माझीच रिंगटोन येत होती. महिनाभरात त्या दारातून इतका सलग आवाज पहिल्यांदाच आला असेल. सगळे स्क्रू पुन्हा काढले. काढताना पॅनलच्या दोन खुंट्या तुटल्या, आणि तेव्हापासून ते दार खड्ड्यात गाडी गेली की दात वाजवतं.

हा सगळा उपद्व्याप होता स्पीकरसाठी. डाव्या दारातला स्पीकर कधी वाजायचा, कधी नाही. साधी बिघडलेली वस्तू परवडते. ती बिघडलेली असते, आपण ती बदलतो. पण लहरीवर चालणारी वस्तू माणसाला खोटं पाडते. चार लोकांना गोळा करून दाखवायला जावं, तर ती शहाण्यासारखी वागते.

आता कोणी म्हणेल, एवढं काय त्या स्पीकरचं? उजव्या दारातला चालू होताच. माझ्या मांडीशी तो छान वाजायचा आणि मला काही कमी पडत नव्हतं. पण डाव्या सीटवर मामाजी बसतात. त्यांचं आयुष्य कामठीच्या पॉवरलूमवर गेलं आणि मागांच्या खडखडाटानं उजवा कान खाल्ला. सगळी भिस्त डाव्या कानावर, आणि डाव्या कानाशी ते दार. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना नंदनवन कॉलनीत आमच्याकडे आणलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली: रविवारी कामठी. तिथं जुने सोबती जमतात. त्यातले बरेच त्यांच्या गायन पार्टीतले. तरुणपणी जयंतीच्या दिवसांत ही पार्टी गावोगाव फिरायची आणि मामाजी पुढे पेटीवर बसून गायचे. त्या काळची एक कॅसेट बायकोनं कोणाकडून तरी पेनड्राइव्हवर उतरवून आणली. तेव्हापासून कामठीच्या रस्त्यानं मामाजी स्वतःलाच ऐकत जातात, गुडघ्यावर ठेका धरतात, आणि कॅसेटमधल्या त्या पोरापेक्षा अर्धी मात्रा आधी पुढची ओळ म्हणून टाकतात.

एका रविवारी ते म्हणाले, "बंद केलं काय?"

"नाही मामाजी, सुरू आहे."

"मले तर नाई येऊन राहिलं."

पुढच्या चौकात गाणं आलं. पुलावर गेलं. मी घरी येऊन डावं दार उघडलं, पायरीवर बसलो, जाळीला कान लावला. ठणठणीत. गाडी सुरू करून पाहिली, आवाज वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. ठणठणीत. मी बायकोला म्हटलं, "स्पीकर एकदम चांगला आहे." या वाक्यात एक अर्थ दडलेला होता, आणि तो आम्हा दोघांनाही कळला.

तरी कर्तव्य म्हणून गाडी ॲक्सेसरीजच्या दुकानात नेली. भर दुपार. दुकानासमोर मी आधी माझा नेहमीचा प्रयोग केला. उन्हात तापलेली गाडी गार करायचं एक शास्त्र आहे: उजवी काच खाली करायची आणि डावं दार पंख्यासारखं फटाफट उघडायचं-लावायचं. आतली झळ पलीकडच्या उघड्या खिडकीतून बाहेर पळते. हे मी कॉलनीत सगळ्यांना शिकवलेलं आहे, न विचारता. दुकानदारानं माझं शास्त्र संपेपर्यंत वाट पाहिली, मग दार उघडून ठेवलं, पॅनल काढलं, गाणं लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"साहब, बढिया तो बज रहा है."

"भाऊ, चालत्या गाडीत बंद पडतो."

"चलती गाडी में तो मैं पॅनल नहीं खोल सकता न साहब."

मुद्दा बिनतोड होता. मी चिडून नवा स्पीकर बसवायला सांगितला. नवाही तिथं बढिया वाजला. घरी आल्यावर मी मुद्दाम मामाजींना शेजारी बसवून गांधीबागेच्या बाजारातून फिरवून आणलं. त्या गर्दीत मला माझाच हॉर्न ऐकू येत नव्हता, पण मी दर दोन मिनिटांनी विचारत होतो, "येऊन राहिलं का? आता?"

"नाई बा."

मग मी घरी जाऊन स्वतः पॅनल काढलं. त्या दिवशीची मोबाईलची हकिगत वर सांगितलीच आहे. आणि संध्याकाळी, स्क्रूड्रायव्हर हातात धरून, मी निकाल दिला. "स्पीकर नवा आहे. जुनाही चांगलाच होता. मामाजींचा दुसरा कान जाऊन राहिला."

एकदा असं ठरवलं की पुरावे धावत येतात. त्यांना कुकरची शिट्टी ऐकू आली नाही. खरं तर कूलर सुरू असताना आमच्या घरात कोणालाच कुकर ऐकू येत नाही. भात करपला की कळतं. त्यांना दारावरची बेल ऐकू आली नाही. बेलचा सेल संपला होता, हे नंतर कळलं. मी त्यांच्याशी शब्द तोडून तोडून, ओठ हलवून बोलू लागलो. ते माझ्याकडे असं पाहत, जसं आपण बडबडणाऱ्या लहान पोराकडे पाहतो. पण हळूहळू त्यांनाही ते पटलं असावं. गाडीत ते गाणं लावा म्हणेनात. जेवताना बोलेनात. मी कानाच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतली, तेव्हा बायकोला म्हणाले, "पोरी, उजव्यानं तर मागाच्या आवाजात साथ सोडली. हाही गेला तर मी कोणाशी बोलू वं?"

बायकोनं हे मला सांगितलं आणि वर म्हणाली, "तुम्ही एवढ्या खात्रीनं काहून बोलता? तुम्ही काय कानाचे डॉक्टर आहा?"

"मी स्पीकरबद्दल बोललो," मी म्हटलं. "स्पीकर चांगला असेल तर उरलं काय?"

"उरले तुम्ही," ती म्हणाली.

मंगळवारच्या आधीचा तो रविवार. मामाजी म्हणाले, आज कामठी राहू द्या. आजवर त्यांनी तापातही रविवार सोडला नव्हता. बायको त्यांचा धुतलेला पांढरा शर्ट घेऊन आली आणि त्यांना गाडीत बसवूनच मागच्या सीटवर बसली. मी सवयीप्रमाणे दार हलवून झळ बाहेर काढलेली होतीच. गाडी सुरू केली, तसं त्यांचं गाणंही सुरू झालं. ते समोर बघत बसले, हात मांडीवर.

एवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या. आमच्या भागात कोणी गाडीत बसलं म्हणजे निघालं, असं समजायचं नसतं. खऱ्या गप्पा गाडीत बसल्यावर सुरू होतात. वहिनींनी मामाजींचं दार उघडलं, त्याला रेलल्या आणि म्हणाल्या, "काकाजी, कामठीले काय?" मग मागे बायकोकडे वळल्या आणि लोणच्यावर आल्या. बोलता बोलता, "बरं बाई, निघा तुम्ही, उशीर होते," म्हणून दार लोटत, आणि काही आठवलं की, "अन् ऐक न," म्हणून पुन्हा उघडत. मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत होतो. कैरीच्या फोडी किती मोठ्या कराव्यात, यावर माझं काहीही मत नव्हतं.

मामाजींनी एकदम बोट वर केलं. "आला."

"कोण आलं?" मी वैतागून.

वहिनींनी दार लोटलं. "गेला," मामाजी म्हणाले.

"मामाजी, कोण?"

दार उघडलं. त्यांचा चेहरा उजळला. "मी! मी आलो न. गाऊन राहिलो."

मी बायकोकडे आरशातून पाहिलं. माझ्या मनात त्या क्षणी कानाच्याही पलीकडच्या डॉक्टरांचा विचार येऊन गेला, हे लिहायलाही लाज वाटते. पण बायको पुढे झुकली होती. तिनं दोन सीटमधून डोकं घालून आपला कान त्या दाराशी नेला. "वहिनी, दार लावा बरं जरा... आता उघडा... लावा... उघडा."

वहिनी लोणचं विसरून दार चालवू लागल्या.

"लागलं की बंद," बायको म्हणाली. "उघडलं की सुरू. अजी, बाबा बरोबर सांगून राहिले."

"असं कसं होईल? स्पीकर नवा—"

"इकडं या अन् ऐका."

मी गाडीला वळसा घालून गेलो, मामाजींच्या पायाशी वाकलो, आणि वहिनींनी दार माझ्या पाठीवर हळूच लोटलं. त्या दारातलं गाणं गेलं. दार उघडलं, गाणं आलं. तेव्हा समजलं की मी, दुकानदार, सगळ्यांनीच तो स्पीकर दार उघडून तपासला होता. पॅनल काढायचं तर दार उघडावंच लागतं. आणि मामाजी बापडे दार लावून ऐकत होते, कारण माणसं गाडीत दार लावूनच बसतात.

कामठीच्या वाटेवरच्या एका इलेक्ट्रिशियननं दार आणि गाडीचं अंग जोडणारी ती रबरी, सुरकुत्यांची नळी मागे सारली. आतली वायर वरून धडधाकट, आत तांब्याची तार तुटलेली. दार उघडलं की तुटकी टोकं भेटायची, लावलं की बहुतेक वेळा दूर व्हायची. त्यानं नवा तुकडा जोडला, टेप गुंडाळला, आणि झालं.

"पण इथंच कशी तुटली?" मी म्हटलं. "गाडी काही एवढी जुनी नाही."

बायकोनं फक्त उजवा हात वर केला आणि पंख्यासारखा फटाफट हलवला. उघड, लाव, उघड, लाव. मामाजींनी ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत हसले. म्हणजे अगदी जावयाचा मान राखून हसले.

उरलेल्या रस्त्यात ते गायले. पार कामठीपर्यंत, अर्धी मात्रा पुढे. तुटलेल्या खुंट्यांमुळे दार मधूनमधून कटकट करत होतं, पण त्यांनी तोही ठेका धरला. सोबत्यांमध्ये उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "जावईबापू, मशीन चांगली बनवली." दुरुस्ती मी केली नव्हती. पण मी तसं म्हणालोही नाही.

ते आत गेल्यावर मी बायकोला म्हटलं, "चला, सुटलो. डॉक्टरांना फोन करून मंगळवारची वेळ रद्द करतो."

ती पदरानं वारा घेत होती. गाडीचं दार उघडं होतं, आणि मी सवयीनं त्याला हात घातला होता. तिनं आधी माझा हात दारावरून काढला.

"रद्द काहून करता?" ती म्हणाली. "नाव बदलवा फक्त. बाबांच्या जागी तुम्ही जा. त्या दिवशी तुमचा फोन दारात वाजून राहिला होता, तो एका कानाच्या माणसाले झाडाखालून ऐकू आला. दोन कानांचा माणूस दाराले चिकटून बसला होता."